चौदा नंबरचे बावन्न नातेवाईक

आमच्या वसाहतीला बससाठी वेगळी लेन हवी, असा अर्ज आम्ही अकरा वर्षं केला. दरवर्षी एक. पहिल्या अर्जावर चाळीस सह्या होत्या, कारण तेव्हा इमारतीच तीन होत्या. अकराव्या अर्जाचे कागद टेबलावर ठेवले तेव्हा पलीकडचे साहेब दिसेनासे झाले. मधल्या काळात शेतं गेली, टेकडीचं एक टोक गेलं, आणि ‘समोर कायम मोकळं राहणार’ असं सांगून आम्हाला घरं विकली होती तिथे एकोणीस-एकोणीस मजल्यांचे मनोरे उभे राहिले. रस्ता मात्र होता तेवढाच राहिला. मनोऱ्यांतल्या प्रत्येक घरातून सकाळी एक गाडी निघते, गाडीत एक माणूस असतो, आणि त्या सगळ्यांच्या मागे आमची चौदा नंबरची बस पोटात साठ-सत्तर माणसं घेऊन उभी असते.

अर्जाला उत्तर दरवर्षी एकच यायचं. बसने जाणाऱ्यांची संख्या पुरेशी नाही, सबब वेगळी लेन देता येत नाही. संख्या का पुरेशी नाही, तर बसला अकरा किलोमीटरला अडीच तास लागतात म्हणून. अडीच तास का लागतात, तर वेगळी लेन नाही म्हणून. हे मी साहेबांना एकदा तोंडावर सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं, त्याखाली माझी सही घेतली आणि पुढच्या वर्षी तेच उत्तर पाठवलं. घोडं कुठे पेंड खातंय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण घोडं त्यांचंच होतं.

मग एक बडे गृहस्थ वारले. शहराचं स्मशान आमच्या वसाहतीच्या टोकाला आहे. शहराला जे जवळ नको असतं ते सगळं आमच्याकडे असतं. त्यांची शववाहिका भर दुपारी वाहतुकीत अडकली ती पाच तास. मागच्या गाड्यांतली मोठी माणसं रस्त्यात उतरून उभी राहिली, भाषणं करणारे भाषणं विसरले, फुलं माना टाकून पडली, आणि दोन पुतण्यांत हातघाई झाली. वर्तमानपत्रांनी चार दिवस हळहळ केली. नवव्या दिवशी रस्त्याच्या डाव्या कडेला, शहराकडून आमच्याकडे येणारी, अकरा किलोमीटर लांब, करड्या रंगाची नवीकोरी लेन तयार झाली. तिला फाटक होतं, फाटकावर पहारेकरी होता आणि पाटी होती: ‘फक्त अंत्ययात्रेसाठी’.

दिवसाकाठी चार-पाच शववाहिका त्या लेनमधून भुर्रकन निघून जायच्या आणि आम्ही बसच्या काचांना नाकं लावून बघायचो. मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात. आम्हाला मेल्याशिवाय घर दिसत नव्हतं.

मला खरं तर घराचीही एवढी घाई नव्हती. मला सहाच्या आत पाळणाघर गाठायचं होतं. मी शहरात चष्म्याच्या काचा घासते. नवरा जहाजावर, वर्षातून दोनदा भेटणार, तेही जहाजाच्या मनात असेल तर. चार वर्षांची लेक आहे, तिला आम्ही बटण म्हणतो. ती दिवसभर पाळणाघरात असते आणि पाळणाघर सहाला बंद होतं. तिथल्या ताई स्वभावाने वाईट नाहीत, पण त्यांच्या दाराबाहेर एकशेचाळीस मुलांची यादी ताटकळतेय आणि त्यांचा नियम एकच आहे: तीनदा उशीर झाला की जागा दुसऱ्याला. माझा दोनदा झाला होता. सहाला पोचायचं म्हणून मी रोज साडेतीनलाच कामावरून निघत होते, आणि त्यासाठी माझ्या सगळ्या मावश्या, आत्या, काकू एकेक करून आजारी पाडून झाल्या होत्या. शेवटी मालकांनी सांगितलं की पहिल्या तारखेपासून साडेचार म्हणजे साडेचार. साडेचारला निघाले की उशीर ठरलेला. मग बटणची जागा जाणार, मग माझी नोकरी जाणार, आणि आम्ही तिघं चौथ्या मजल्यावर एकमेकांची तोंडं बघत बसणार.

तिसरे म्हणजे माझे बाबा. बाबांनी एकतीस वर्षं चौदा नंबर चालवली. या रस्त्याला दुतर्फा शेतं होती तेव्हापासून. त्या एकतीस वर्षांत क्लचने त्यांचा डावा गुडघा खाल्ला. आमच्या इमारतीत बिल्डरने लिफ्टची जागा दिली, लिफ्ट दिली नाही. त्या जागेत सायकली असतात. बाबा दोन वर्षांत फक्त एकदा खाली उतरले होते, ते जिवंत असल्याचं सिद्ध करायला.

निवृत्त माणसाला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्यासाठी शहरातल्या कचेरीत जातीने हजर राहायचं असतं. शेजाऱ्यांनी बाबांना खुर्चीत बसवून खाली आणलं, आम्ही अकराला चौदा नंबर पकडली आणि दोन वाजून सात मिनिटांनी खिडकीपाशी पोचलो. खिडकी दोनला बंद होते, आणि तो मुदतीचा शेवटचा दिवस होता. आतल्या कारकुनाने काचेतून बाबांना ओळखलं, हात जोडून तब्येतीची चौकशी केली आणि आता काही करता येत नाही म्हणून सांगितलं. आठ दिवसांनी टपालाने बाबांच्या मृत्यूचा दाखला आला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘गैरहजर’. चूक दुरुस्त करायची तर अर्जदाराने त्याच खिडकीवर, दोनच्या आत, स्वतः यायचं होतं.

बाबांनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला आणि अक्षर चांगलं आहे म्हणाले. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी मी तो कागद बसमध्ये नेला आणि ज्याला त्याला दाखवत सुटले. माझ्या पुढच्या सीटवर एका वकिलाकडचे जुने कारकून बसतात. एकही वाक्य ते कलमाशिवाय पुरं करत नाहीत, म्हणून आम्ही त्यांना कलमदादा म्हणतो. त्यांनी दाखला हातात घेतला, उजेडात धरला, आणि बराच वेळ काचेबाहेरच्या त्या रिकाम्या लेनकडे बघत राहिले. मग म्हणाले की लेनच्या नियमावलीत कलम चार असं आहे: ‘मयताचा दाखला असलेले कोणतेही वाहन, मयत व जास्तीत जास्त बावन्न शोकाकुल नातेवाईक यांसह, या लेनमधून जाऊ शकेल.’ वाहन कसं असावं हे लिहिलेलं नाही. मयत कसा असावा हेही लिहिलेलं नाही.

बसमध्ये कुणी हसलं नाही. ड्रायव्हर गाडी चालवायला शिकला तो बाबांच्या हाताखाली, अजून त्यांना उस्ताद म्हणतो. तो मागे न बघता म्हणाला की उस्तादांना मेलेलं म्हणून घेऊन जाणं त्याच्याने व्हायचं नाही.

घरी आल्यावर मी हे बाबांना विनोद म्हणून सांगितलं. ते रागावतील आणि आपण दोघं मिळून सरकारला शिव्या घालू, असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, लेनमधून किती मिनिटं लागतील. मी म्हटलं, सव्वीस. ते जरा वेळ गुडघा चोळत बसले.

“पहिल्या तारखेला मला खाली ने,” ते म्हणाले. “एकतीस वर्षांत माझ्या बसमुळे कुणाचं पोर ताटकळलं नाही. आता माझंच ताटकळायचं म्हणजे काय.”

पहिल्या तारखेला सकाळी सव्वासहाला बसमधले चौघं वर आले आणि बाबांना खुर्चीसकट खाली घेऊन गेले. हा उस्तादांचाच हुकूम आहे हे कळल्यावर ड्रायव्हरचाही नाइलाज झाला. चौघांत सगळ्यात दणकट होत्या त्या मनोऱ्यांपलीकडे राहणाऱ्या शिंपीणबाई. शहराकडे जाताना करडी लेन नाही, कारण मेलेलं माणूस परत जात नाही असा खात्याचा समज आहे. त्यामुळे जाताना बाबा जिवंत आणि येताना मयत, अशी दिवसभरात तीन फेऱ्यांची व्यवस्था ठरली. संध्याकाळी पाच वीसला आम्ही फाटकाशी उभे राहिलो. बाबा पहिल्या सीटवर डोळे मिटून बसले होते. पहारेकऱ्याने दाखला पाहिला, शिक्का पाहिला. बाबांकडे त्याने पाहिलं नाही, कारण त्याचं काम कागद बघण्याचं होतं. मग त्याने नियमावर बोट ठेवलं की प्रत्येक नातेवाइकाने मयताशी असलेलं नातं लिहून द्यायला हवं.

कलमदादा तयारीतच होते. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईंना त्यांनी बाबांची थोरली बहीण लिहिलं, तर बाई तडक म्हणाल्या, धाकटी. शिंपीणबाई मेहुणी व्हायला राजी होत्या, पण कितव्या बायकोची बहीण अशी त्यांनी चौकशी केली, आणि बायको एकच होती हे ऐकून त्यांचं समाधान झालं. सात पुतणे झाले, पाच भाचे झाले, दोन व्याही झाले, एक साडू झाला. कलमदादा स्वतः जावई व्हायला निघाले होते. बाबांना मुलगी एकच आणि ती मी, हे डोळे वटारून लक्षात आणून दिल्यावर ते मानलेले भाऊ झाले. बावन्न भरले की ड्रायव्हर दार लावायचा. त्रेपन्नावा माणूस स्टॉपवर उभा राहून काकुळतीने विचारायचा, दूरचा चालेन का.

त्या दिवशी मी पाच बावन्नला पाळणाघरात पोचले. ताईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत घड्याळाकडे. आनंदाच्या भरात मी बटणला डावा बूट उजव्या पायात घातला.

नाती कागदावरच राहिली असती तर बरं झालं असतं. पण दोन आठवड्यांत पुतण्यांनी भाच्यांशी बोलणं टाकलं, कारण खिडकीच्या जागा भाच्यांना मिळत होत्या. एक व्याही मान मिळाला नाही म्हणून रुसून टॅक्सीने गेले, अडीच तासांनी घरी पोचले आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने येऊन बसले. धाकट्या बहिणीने बाबांना मफलर विणला, तर मेहुणीने चार दिवसांत सदरा शिवून आणला. बाबा कसे हळुवार ब्रेक लावायचे, पावसात स्टॉप सोडूनही माणसांना कसे घ्यायचे, याच्या आठवणी अशा लोकांनी सांगायला सुरुवात केली की ज्यांनी बाबांना बस चालवताना जन्मात पाहिलं नव्हतं. मेलेल्या म्हशीला मणभर दूध. पण बाबा ऐकायचे, आणि मधूनच डोळे मिटलेले असताना दुरुस्ती करायचे.

मेल्यावर बाबांना जरा जगायला मिळालं. दोन वर्षं चौथ्या मजल्यावर खिडकीशी बसून बसला शिव्या देणारा माणूस आता दिवसभर तिच्यातून हिंडत होता. शहरातल्या शेवटच्या स्टॉपवर त्यांचे जुने सोबती भेटायचे. त्यांनी पहिल्या दिवशी रीतसर दुःख व्यक्त केलं आणि दुसऱ्या दिवसापासून पत्ते मांडले. हयातीची खिडकी तिथून जवळच होती, पण जिवंत झालं की लेन जाणार, म्हणून बाबा तिकडे फिरकले नाहीत. बाबांच्या गालावर रंग आला. ते रोज दाढी करू लागले. ड्रायव्हरला वळणावर सूचना देऊ लागले, त्याही लेनमध्ये, मयत असताना. संध्याकाळी चौघं त्यांना वर चढवायचे तेव्हा बटण पुढे पायऱ्या मोजत चालायची आणि विचारायची, आजोबा, आज किती वेळा मेलात. बाबा म्हणायचे, तीनदा, पण एकदाही लेट नाही.

असे चार महिने गेले. मग एका संध्याकाळी फाटकाशी निरीक्षक उभे होते.

निरीक्षक अंगाने किरकोळ, खिशाला तीन पेनं, आणि आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागावं. ते रागावलेले नव्हते, काळजीत होते. हातातलं रजिस्टर दाखवून त्यांनी सांगितलं की हे मयत तीनशे बारा वेळा या फाटकातून आत गेले आहेत आणि स्मशानात एकदाही पोचलेले नाहीत. वाटेत कुठे जातात, एवढंच त्यांना समजून घ्यायचं होतं. कलमदादांनी चार कलमं सांगितली. निरीक्षकांनी ती चारही मान्य केली आणि म्हणाले की आता मार्ग दोनच आहेत. हे गृहस्थ मयत असतील तर त्यांचे अंत्यविधी आजच्या तारखेला पूर्ण झाल्याची नोंद व्हायला हवी. नसतील तर बस आत्ता मागे फिरून मोठ्या रस्त्याला लागेल आणि पुन्हा या लेनमध्ये येणार नाही. यासाठी सगळ्यात जवळच्या नातेवाइकाचा तोंडी जबाब लागेल.

बाकीच्या एकावन्न नातेवाइकांनी माझ्याकडे पाहिलं.

बाबा पहिल्या सीटवर होते. मफलर नाकापर्यंत ओढलेला, आणि तो श्वासाबरोबर हलत होता. निरीक्षकांनी तो हलताना पाहिला, मी त्यांना पाहताना पाहिलं. श्वास बघणं आपल्याकडे नाही, ते आरोग्य खात्याकडे आहे, असं ते हळूच म्हणाले. पलीकडे मोठ्या रस्त्यावर गाड्यांचे लाल दिवे दिसत होते, एकही हलत नव्हता. माझ्या घड्याळात पाच पंचवीस झाले होते.

“माझे वडील वारलेत,” मी म्हणाले.

कधी वारले हे विचारणं त्यांना भाग होतं, म्हणून त्यांनी माफी मागून विचारलं. मी तारीख सांगितली. दुपारी दोन वाजून सात मिनिटांनी, म्हटलं. आणि तेवढं म्हणाले तेव्हा मला रडू फुटलं, खरंखुरं, आवरता न येणारं. बाबा सगळं ऐकत होते हे मला माहीत होतं. बाप ऐकत असताना त्याचं मरण तोंडाने सांगायचं, ते मी सांगितलं होतं. माझं बघून धाकटी बहीण रडायला लागली, मग मेहुणी, मग पुतणे आणि भाचे एकमेकांच्या गळ्यात पडले. ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. निरीक्षकांचेही डोळे ओले झाले. त्यांनी ‘अंत्यविधी पूर्ण’ असा शिक्का मारला, त्यावर फुंकर घातली आणि फाटक उघडायला लावलं.

बस सुटल्यावर बाबांनी मफलर खाली केला.

“किती वाजले?” त्यांनी विचारलं. मी पाच एकोणतीस म्हटल्यावर ते ड्रायव्हरला म्हणाले, “तिसऱ्यात रेटू नकोस, चौथा टाक.”

मी धावत पाळणाघर गाठलं तेव्हा सहाला एक मिनिट कमी होतं.

पण शिक्का बसला होता. ज्याचे अंत्यविधी झाले तो माणूस त्या लेनमध्ये पुन्हा दिसता कामा नये, ना मयत म्हणून, ना नातेवाईक म्हणून. हे कलम कलमदादांनाही वाकवता आलं नाही. दोन दिवसांत त्यांनी नवा मयत शोधला. शिंपीणबाईंच्या सासूबाईही हयातीच्या खिडकीवर उशिरा पोचल्या होत्या. दोनच्या आत पोचू न शकलेली माणसं आमच्या वसाहतीत ढिगाने आहेत, दर चार महिन्यांना एक वापरलं तरी पिढीभर पुरतील. नवे अर्ज भरले गेले. भूगोलाच्या बाई आता मयताची जाऊ झाल्या, कलमदादा दीर झाले, मी भाची झाले. खुर्ची वाहणारे चौघं आता सासूबाईंना वाहायला लागले, आणि ते बरोबरच होतं, कारण एका माणसाला हात दोनच असतात.

बाबा परत चौथ्या मजल्यावर गेले. धाकटी बहीण एका रविवारी चार मजले चढून आली, धापा टाकत अर्धा तास बसली, पुन्हा येईन म्हणाली. बाकीचे पन्नास आले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही, खरं तर देते. बाबांनी कुणाचं नाव काढलं नाही. ते खिडकीशी बसायचे आणि मी बटणला घेऊन दार उघडलं की एकच विचारायचे, किती वाजता पोचलीस. मी म्हणायचे, पाच बावन्न. ते म्हणायचे, शाबास.

हळूहळू त्यांनी दाढी करणं सोडलं. सदऱ्याची बटणं वरखाली लावलेली असायची. बसला शिव्या देणंही सोडलं. एकदा म्हणाले की वरून फार छान दिसतं, मोकळी लेन आणि त्यातून आपली बस. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात नळ सोडून रडले, म्हणजे आवाज जाऊ नये.

मी ठरवलं की बस झालं. त्यांना खिडकीवर नेऊन जिवंत करायचं तर तोच रस्ता, तेच दोन वाजून सात मिनिटं, आणि खुर्ची उचलायला आता हातही नाहीत. पण फाटकावर निरीक्षक आता महिन्यातून एकदा येतात, आणि त्यांच्याकडे रजिस्टर असतं. त्यांनी त्यातलं मरण खोडलं की खोडलं. खोटं उघडं पडलं की लेन जाईल, सगळ्यांची जाईल. बटणची जागा जाईल, माझी नोकरी जाईल. जाऊ दे म्हटलं. बाप आधी.

पुढच्या खेपेला पाच वीसला निरीक्षक फाटकाशी दिसले तेव्हा मी उठले आणि बसमधून खाली उतरले. मागे कलमदादांनी डोळे मिटून घेतले.

“माझे वडील जिवंत आहेत,” मी निरीक्षकांना म्हणाले. “मी खोटं बोलले होते. चौथ्या मजल्यावर आहेत, खिडकीत बसलेत. चला, दाखवते.”

निरीक्षकांनी रजिस्टर मिटलं. मला वाटलं आता हे पहारेकऱ्याला हाक मारणार. त्यांनी पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि माझ्यापुढे धरली.

“दुःखात असं होतं, ताई,” ते म्हणाले. “माझी आई गेली, त्यानंतर वर्षभर मी सकाळी दोन कप चहा करत होतो.”

मी पुन्हा सांगितलं. इमारत सांगितली, मजला सांगितला, आज सकाळी बाबांनी काय खाल्लं ते सांगितलं. ते सगळं शांतपणे ऐकत होते, मान हलवत होते. म्हणाले की दाखला आहे, शिक्का आहे, आणि मी रडले होते ते त्यांनी स्वतः पाहिलं आहे. असं रडणं खोटं नसतं, इतकी वर्षं ते हेच बघत आले आहेत. आपण फार लवकर हो म्हटलं असं प्रत्येकालाच वाटतं, म्हणाले. मग त्यांनी पहारेकऱ्याला खूण केली आणि फाटक वर गेलं.

भूगोलाच्या बाई खाली उतरल्या आणि माझ्या कोपराला धरून मला आत घेऊन गेल्या. पोरीने फार मनाला लावून घेतलंय, असं त्या कुणाला तरी हलक्या आवाजात म्हणाल्या. याच बाई त्या रविवारी बाबांसमोर अर्धा तास बसून गेल्या होत्या. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्या नाटक करत होत्या की खरंच म्हणत होत्या ते मला कळलं नाही. मेहुणीने, म्हणजे आता जिची मी मावस नणंद होते तिने, माझ्या पाठीवरून हात फिरवला. बस सुटली. मी घड्याळ पाहिलं, पाच सव्वीस. म्हणजे सहाच्या आत पोचणार होते. आणि मला हायसं वाटलं. लाज वाटली ती नंतर, पण आधी हायसं वाटलं.

पाच अठ्ठावन्नला मी बटणला घेतलं. चार मजले चढताना ती पायऱ्या मोजत होती आणि मी तिला गप्प बस म्हणून ओरडले. दार उघडलं तर बाबा खिडकीशीच होते, पाठमोरे.

“किती वाजता पोचलीस?”

“पाच अठ्ठावन्न.”

बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. एकतीस वर्षं ज्याने मिनिटावर बस चालवली त्याच्यापासून काही लपत नाही.

“सहा मिनिटं कुठे गेली?”

“फाटकावर,” मी म्हणाले.

त्यांनी बटणला जवळ बोलावलं आणि तिच्या बुटाची नाडी सोडायला घेतली.

“पुन्हा घालवू नकोस,” ते म्हणाले.